नऊ इंची नळी

माझ्या गॅरेजच्या पाटीवर माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं आहे. जव्हारला गॅरेजं बरीच, पण पाटीवर डिग्री रंगवून घेणारा मी एकटाच. समोरच्या एसटी डेपोतले एक ड्रायव्हर रोज चहाला जाताना विचारतात, "काय बीएस्सी, पान्याला फिजिक्समध्ये काय म्हणतात?" मी सांगतो, "तरफ म्हणतात साहेब, आणि तुमच्या गाडीचे नट बघता तुम्हाला ती लागणार आहे."

चेष्टा चालते. पण पाटी मी काढणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या वर्गात बसलेलं नव्हतं. आईबाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, मराठी मला शाळेत शिकावी लागली. पुढे कॉलेजात प्रकाश, ध्वनी, उष्णता शिकलो. नोकरी काही लागली नाही आणि हात आधीपासूनच ऑइलमध्ये होते, म्हणून गॅरेज टाकलं. डिग्री कपाटात ठेवून कुजवण्यापेक्षा रस्त्यावर लावली.

माझ्याकडे पंक्चरपासून सगळं होतं, पण लांबून लोक येतात ते स्कूटरला जोर आणून घ्यायला. जव्हार-मोखाड्याचे रस्ते म्हणजे एक तर चढ नाही तर उतार. शहरातल्या सपाट रस्त्यासाठी बनवलेली स्कूटर इथे येऊन धापा टाकते. मग कुणी सांगतं, बीएस्सीकडे जा.

यात जादू काही नाही. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते विकत घ्यावं लागतं. पण त्याच्या कितीतरी पट ते हवा ओढतं. ही हवा मागच्या चाकाजवळच्या एका काळ्या डब्यातून आत जाते. डब्यात कागदी घड्यांचा फिल्टर असतो, तो धूळ अडवतो आणि धुळीबरोबर थोडी हवाही अडवतो. तो डबाच काढायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, म्हणून आतला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा टाकायचा. मग गाडी फिरवून आणायची आणि प्लग काढून बघायचा. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, काळा दिसला तर जास्त होतंय. भाजलेल्या बिस्किटासारखा रंग आला की जमलं. जोडीला पट्ट्याच्या पुलीतले रोलर हलके टाकायचे, म्हणजे गाडी चढावर दम धरते. सपाटीवर थोडी हळू पळते, पण आमच्याकडे सपाटी आहेच कुठे?

लोक मात्र अर्धंच ऐकतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं होतं, उघडा फिल्टर आहे, धूळ सांभाळ. पठ्ठ्यानं त्यावर बायकोचा पायमोजा चढवला आणि वर रबर बांधलं. आठवड्यानं गाडी ढकलत आला. "दादा, दोन पायमोजे घातले तर चालेल का? थंडी आहे." त्याला मी काय बोललो ते छापता येणार नाही.

आता डब्याचं आणखी एक काम असतं, ते मीच विसरलो होतो. मागच्या सायलेन्सरमधून इंजिन ओरडतं ते सगळ्यांना ऐकू येतं. पण हवा ओढतानाही ते तेवढंच ओरडत असतं. तो आवाज डबा गिळतो. डबा काढला की इंजिनचं तोंड उघडं पडतं.

ही गोष्ट कल्पना सिस्टरांच्या स्कूटरची आहे. सिस्टर म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. दर मंगळवारी लसीचा डबा मागे बांधून त्या वावर-वांगणीच्या बाजूच्या पाड्यांवर जायच्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्या गॅरेजला आल्या आणि हेल्मेट न काढताच सुरू झाल्या.

"दादा, ही गाडी ठेवा नाही तर मला ठेवा. परवा वळणावर बसकण मारली तिनं. दोन बायांनी ढकलली. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर, आणि मी तिलाच तपासायला चालले होते!"

मी फिल्टर, जेट, रोलर, सगळं बदललं. एकच अडचण होती. उघडा फिल्टर खाली बसतो आणि त्या रस्त्यावर पावसाळ्यात ओहोळ आडवे वाहतात. पाणी आत गेलं तर इंजिन तिथेच संपलं. म्हणून मी पाणीपंपाच्या पाइपाचा नऊ इंचांचा तुकडा घेतला, गरम करून थोडा वाकवला, एक टोक कार्बोरेटरला जोडलं आणि फिल्टर वर सीटखाली नेऊन बसवला. ही माझी कल्पना. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या दुकानात नाही. मी स्वतःवर खूश होतो.

सिस्टर चक्कर मारून आल्या. "गाडीला आवाज आला की हो!"

"आवाज नाही, ताकद आली," मी म्हणालो.

तीन-चार मंगळवार गेले. मग एका बुधवारी सकाळी त्या आल्या, गाडी उभी केली आणि बाकावर बसून राहिल्या. ही बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. मी विचारलं, "बंद पडली का?"

"नाही. छान चढते." हेल्मेट मांडीवर घेत म्हणाल्या, "दादा, मला कुणीतरी ओ देतं."

"म्हणजे?"

"पाड्याच्या अलीकडची तीन वळणं आहेत ना, तिथे. वळणावर मी अॅक्सिलरेटर सोडते. वळण संपलं की पिळते. गाडी हुंकारल्यासारखा आवाज करते. आणि वरून, धुक्यातून, कुणीतरी म्हणतं, ओऽऽ. दिसत कुणी नाही. पहिल्या वळणावर लांबून येतं. दुसऱ्यावर जवळून. काल तिसऱ्यावर माझ्या हातभर अंतरावर आलं."

मी हसलो नाही, एवढं माझ्या बाजूने सांगतो. म्हणालो, "डोंगराचा प्रतिध्वनी असेल."

"प्रतिध्वनी खोकतो का हो?"

पुढच्या मंगळवारी माझी मोटरसायकल घेऊन मी त्यांच्या मागोमाग गेलो. सकाळचे दहा वाजले असतील, पण उजेड असून काही दिसत नव्हतं. श्रावणात तिकडे ढग रस्त्यावरच उतरतो. सिस्टरांच्या मागचा लाल दिवा तेवढा पुढे हलत होता. चढाच्या पायथ्याशी मी माझी गाडी बंद करून उभा राहिलो, म्हणजे तिच्या आवाजात काही हरवायला नको.

स्कूटर पहिल्या वळणावर पोचली. आवाज बसला, आणि मग सिस्टरांनी पिळली. मी बसवलेल्या नळीतून आलेला आवाज मी पहिल्यांदा लांबून ऐकला. गॅरेजमध्ये तो घरघर वाटायचा. समोरच्या कड्यावर आपटून, धुक्यातून गाळून आला तेव्हा त्याला सुरुवात होती आणि शेवट होता. आधी ओठ मिटलेले, मग उघडलेले. कुणीतरी पोटातून हाक मारावी तसा तो होता.

"बाऽऽऽ."

आणि वरून आलं, "ओऽऽऽ."

दुसऱ्या वळणावर पुन्हा हाक आली, पुन्हा ओ आली. मी किक मारली आणि वर गेलो. तिसऱ्या वळणावर सिस्टर थांबल्या होत्या. दरीच्या बाजूचा रस्त्याचा काठ पावसानं तुटला होता, आणि त्या तुटक्या काठावर एक म्हातारा उभा होता. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, कमरेला लंगोटी. आम्हा दोघांकडे त्यानं पाहिलंही नाही. आमच्या मागे, खालच्या रस्त्याकडे तो बघत होता.

"कुठं राहिला तो?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात वरून एक बाई धावत आली. तिनं म्हाताऱ्याच्या दंडाला धरून त्याला आत ओढलं. ती त्याची सून, जनी. म्हातारा म्हणजे सोमाबाबा. बाबाला झाडाखाली बसवून जनीनं आम्हाला सगळं सांगितलं. तिचा नवरा देवराम चार वर्षांपूर्वी समुद्रात मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. बोट परत आली, तो आला नाही. मढं सापडलं नाही.

"तो बाजारातून यायचा तवा या तीन वळनांवर तीन हाका द्यायचा," जनी म्हणाली. "बा वरून ओ द्यायचा. मंग मी चूल पेटवायची."

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. आमच्याही घरात तेच होतं. रानातून एक हाक आली तर गप्प बसायचं. दोन आल्या तरी गप्प. तिसरी आली तर ते माणूस. दुसरं जे काही असतं, त्याला तीनदा हाक मारता येत नाही. म्हणून घरी परतणारा माणूस आपणहून तीनदा हाक मारतो. आई मला असंच सांगायची आणि मी कॉलेजात गेल्यावर तिला हसायचो.

"या पावसाळ्यानंतर देवरामचे दिवस करायचे ठरले व्हते," जनी म्हणाली. "बा कबूल झाला व्हता. त्याच्या नावाचा दगड बी बघून ठेवला. आन् मंग एका मंगळवारी हाका आल्या. एक नाय, दोन नाय, तीन. बा म्हनतो, जित्या मानसाचा दगड कोन लावतो? दर मंगळवारी हितं येऊन उभा राहतो, आता पहिल्याच हाकेला ओ देतो. मागल्या टायमाला पाय सटकला, करवंदीच्या जाळीत अडकला म्हनून वाचला. एक गेला तो गेला. आता ह्यो पन जाईल."

मी बाबाजवळ बसलो. समजावलं. "बाबा, ती हाक नाही. गाडीचा आवाज आहे. गाडी मी केलीय."

बाबानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "गाडी मना ठावं हाय. जीप येते, ट्रक येतो. कुनी बा म्हनत नाय."

परत येताना मला भीती वाटण्यापेक्षा लाजच जास्त वाटत होती. कारण काय झालंय ते मला नीट कळलं होतं. कॉलेजात आम्ही काचेच्या नळीत पाणी कमीजास्त करून तिच्या तोंडाशी नादकाटा धरायचो. हवेचा स्तंभ ठरावीक लांबीचा झाला की नळी घुमायला लागायची. लांब नळीचा सूर खालचा, आखूड नळीचा वरचा. मला त्या प्रयोगात पैकीच्या पैकी मार्क होते. नऊ इंची नळी लावून मी त्या गाडीला गळा बसवला होता, आणि वळणावळणावर पिळून सिस्टर त्या गळ्यातून हाक काढत होत्या.

म्हटलं, उपाय सोपा आहे. नळी आखूड करायची. सूर बदलला की म्हाताऱ्याला आवाज ओळखू येणार नाही. गाडीची ताकदही राहील आणि माझा शोधही राहील. खरं सांगायचं तर त्या शोधाचाच मोह होता. मी हॅकसॉ घेतली, तीन इंच कापले, पुन्हा सगळं जोडलं. आवाज चांगलाच वर गेला.

त्या मंगळवारी सिस्टर दुपारीच परत आल्या.

"काय केलंत तुम्ही?"

"नळी आखूड केली. का? ओळखला नाही ना?"

"ओळखला," त्या म्हणाल्या. "हसत होता म्हातारा. म्हणाला, आज देवराम लहान हाय. पहिल्यांदा बाजाराला नेला तवा असाच ओरडायचा. आणि दादा, लहान पोराला एकट्याला चढ चढू द्यायचा नाही म्हणून तो काठावरून खाली उतरायला लागला. दरीत. जनीनं एक हात धरला, मी एक धरला. आमच्या दोघींच्या हातात त्याची कातडी होती फक्त, एवढी ओढ घेत होता."

मी त्याच दिवशी गाडी उघडली. नळी काढली, उघडा फिल्टर काढला, जुना जेट टाकला आणि कंपनीचा काळा डबा परत बसवला. रोलर तेवढे हलके ठेवले, सिस्टरांना चढाला थोडी मदत म्हणून. गाडी पुन्हा मुकी झाली. ती चालू केली आणि ऐकली तेव्हा इतकी साधी फटफट होती की मला स्वतःचीच कीव आली.

पुढच्या मंगळवारी हाक गेली नाही. त्याच्या पुढच्याही गेली नाही. सिस्टर सांगायच्या, बाबा तिसऱ्या वळणावर उभा असतो, माझी गाडी जवळून जाते तरी मान वळवत नाही, खालीच बघत राहतो.

आणि एके दिवशी भर दुपारी, डेपोसमोर जीपमधून उतरून, बाबा आणि जनी माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहिले. बाबानं धुतलेला सदरा घातला होता. कित्येक वर्षांत तो जव्हारला आला नसेल. त्यानं आत येऊन सगळीकडे पाहिलं, टांगलेल्या ट्यूब, टायर, उघडी पडलेली इंजिनं.

"सिस्टर बोलली, तू काढून घेतलास," तो म्हणाला. "दाखव."

जनी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर विनंती होती, पण कशाची ते मला कळेना. मी भंगाराच्या डब्यातून नळी काढली. सहा इंचांचा तुकडा फडक्यानं पुसला, एक टोक तळव्यानं बंद केलं आणि दुसऱ्या तोंडावरून आडवी फुंकर मारली, लहानपणी बाटलीवर मारायचो तशी. बारीक आवाज आला.

बाबानं मान हलवली. "ह्यो बारका झाला. मोठा दाखव."

मग मी कापलेला तीन इंचांचा तुकडा शोधला. दोन्ही जुळवून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. मनात ठरवलं होतं की याला सगळं नीट दाखवायचं. नळी म्हणजे नळी, हवा म्हणजे हवा. एकदा डोळ्यांनी बघितलं की माणसाला उलगडतं. मी शिकलेला माणूस, दुसरं काय ठरवणार?

मी फुंकलं. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमला. तीच हाक. जनीनं पदर तोंडात धरला. बाबा हलला नाही, गप्प राहिला. मधे हाका तुटल्या होत्या, मोजणी पुन्हा पहिल्यापासून होती, आणि पहिल्या हाकेला ओ देत नाहीत.

मी दुसऱ्यांदा फुंकलं. बाबा गप्प. पण त्याचे ओठ सुटले होते, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता, जशी तिथून वाट येत असावी.

मी छाती भरून घेतली. नळी ओठांपर्यंत नेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आता काय करायला निघालोय. तिसरी मारली की हा ओ देणार. एकदा ओ दिली की नळी काय आणि हवा काय, त्याला काही सांगता येणार नव्हतं. तो पुन्हा त्या काठावर जाणार, आणि करवंदीची जाळी दर वेळी धरायला येणार नव्हती. माझ्या तळव्याखाली नळीचं टोक गार पडलं होतं. मागे रस्त्यावर गाड्या चालल्या असतील, मला एकही ऐकू येत नव्हती.

मी नळी टेबलावर ठेवली.

बाबा थांबला. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं, दारातूनच काय समजलं कुणास ठाऊक, परत गेलं. शेवटी बाबानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"दोनच," तो म्हणाला.

तो जनीकडे वळला.

"जने, दोनच हायत. चल."

पाऊस सरल्यावर देवरामचे दिवस झाले. मला निरोप होता, म्हणून गेलो. पाड्याच्या खालच्या अंगाला जुन्या दगडांच्या रांगेत नवा दगड लावला, शेंदूर लावला, तांदूळ टाकले. जनी रडली. चार वर्षांत ती उघडपणे रडली नव्हती असं बाया म्हणत होत्या. बाबा रडला नाही. जेवणं झाल्यावर तो मला वाटेपर्यंत सोडायला आला. म्हटलं, आता हा आभार मानेल. मी मनात उत्तरसुद्धा तयार केलं होतं.

माझ्या गाडीपाशी तो थांबला आणि अगदी जवळ येऊन म्हणाला, "तवा, नळी ठेवलीस तवा, तुझे गाल फुगलेले व्हते."

माझा हात नकळत गालाकडे गेला.

"तिसरी हाक तू तोंडात घेतली व्हतीस. बाहेर नाय काढलीस. मना दिसलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. गावात हरवलेल्या शेळीची चौकशी करावी तसा तो बोलत होता. "ती कुठं हाय मंग?"

हवेचं काय होतं ते मला शिकवलेलं आहे. छातीतली हवा नाकातून सुटते, संपलं. हे एवढं वाक्य मला त्याला सांगता आलं असतं. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला ते सांगता आलं नाही.

बाबानं माझ्या छातीवर दोन बोटं ठेवली, आम्ही इंजिन गरम आहे का बघायला ठेवतो तशी.

"असू दे तुझ्यापाशी," तो म्हणाला. "मातर या घाटात बाहेर काढू नको. मी आता दगड लावलाय."

ऊन होतं, धुकं नव्हतं, दरी तळापर्यंत दिसत होती. मी गाडी चालू केली नाही. उतार आहे, न्यूट्रलवर टाकून तशीच सोडली. तिन्ही वळणं उतरून सपाटी लागेपर्यंत मी तोंड उघडलं नाही.